ड्रम घेण्याआधी चेंबरमधलं तेल बाटलीत घ्या

पत्र: "जालन्यात आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. वडिलांनी एका गाडीवर सुरू केला, आज ११ गाड्या आहेत. पाच जुन्या, बीएस-४ या प्रदूषण नियमाच्या, सहा नव्या बीएस-६ च्या. इथल्या रोलिंग मिलची सळई भरून पुणे, मुंबई, नाशिक अशी लाईन. एक गाडी वर्षाला ९०,००० किलोमीटर पळते, अ‍ॅव्हरेज ४ च्या आसपास. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, १८ लिटर तेल बसतं, फिल्टर आणि मजुरीचे १,९०० वेगळे. वडिलांचा नियम असा की २०,००० झाले की तेल बदलायचं, गाडी कोणतीही असो. बीएस-६ च्या पुस्तकात ४०,००० लिहिलंय, पण आम्ही २०,००० लाच बदलतो. आता एक विक्रेता मागे लागलाय. फुल सिंथेटिक घ्या, सगळ्या गाड्यांना एकच ड्रम, ६०,००० पर्यंत बघायचंच नाही, वर अ‍ॅव्हरेजही वाढेल, असं त्याचं म्हणणं. जुन्या गाड्यांचं साधं तेल आम्हाला ३१० रुपये लिटर पडतं, बीएस-६ चं ३८०, त्याचं ५६०. जुन्यांपैकी दोन गाड्या अडीच हजार किलोमीटरला लिटरभर तेल खातात. वडील म्हणतात, 'तेल काळं झालं की मेलं, मग ते सिंथेटिक असो नाहीतर सोन्याचं.' कुणाचं ऐकू?"

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महागडी ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. पुस्तकात ४०,००० आहे आणि तुम्ही २०,००० ला बदलता. विक्रेता बाजूला ठेवा, आधी हाच हिशेब करू. बीएस-६ गाडीचं एक ऑइल चेंज तुम्हाला ८,७४० रुपयांना पडतं. वर्षात साडेचार वेळा, म्हणजे ३९,३३०. पुस्तकाप्रमाणे गेलात तर याच्या निम्मे. सहा गाड्यांचे मिळून वर्षाला १ लाख १८ हजारांच्या आसपास वाचतात, आणि त्यासाठी नवीन काहीच घ्यावं लागत नाही. तेल तेच, मिस्त्री तोच.

एक अट मात्र आहे. त्याच पुस्तकात मागच्या पानांवर खडतर वापरासाठी वेगळा, कमी आकडा दिलेला असतो, आणि बऱ्याचदा किलोमीटरच्या शेजारी इंजिनाचे तासही असतात, जे आधी भरेल ते. पुस्तकातला ४०,००० तुमच्या गाड्यांना लागू आहे की खालचा आकडा, हे आधी त्या पानावर बघा. भरल्या गाडीनं घाट चढणं आणि मिलच्या धुळीत उभं राहणं पुस्तकवाल्यांनी कशात धरलंय, ते तिथेच कळेल.

वडिलांचा नियम चुकीचा नव्हता. तो ज्या डिझेलवर तयार झाला ते डिझेल आता मिळत नाही, एवढंच. बीएस-२ च्या डिझेलमध्ये गंधक ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५०० भाग) चालायचं, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि एप्रिल २०२० पासून देशभर १०. गंधक जळलं की आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारण्यात तेलाची ताकद खर्ची पडते. पूर्वी तेल खरोखरच लवकर थकायचं. त्या काळात २०,००० वर तेल बदलणारा माणूस इंजिन जपत होता. माझ्या वर्कशॉपमध्ये अशा मालकांच्या गाड्या दहा-बारा वर्षं हेड न उघडता चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

काळ्या तेलाबद्दल मात्र वडिलांना एवढं सांगा, की डिझेल इंजिनात नवीन तेल पहिल्या हजारभर किलोमीटरमध्येच काळं पडतं. काजळी चिकटू न देता अंगावर घेऊन फिरणं हे त्या तेलाचं कामच आहे. उलट खूप चालूनही तेल स्वच्छ दिसलं, तर काजळी बसतेय कुठे, असा प्रश्न मला पडेल. रंगावरून तेल मेलं की जिवंत आहे हे कळत नाही. बोटांत चोळूनही नाही, मग चोळणारा हात पन्नास वर्षांचा का असेना.

आता सिंथेटिककडे येऊ. हा शब्द ड्रमवर दिसला म्हणून आतलं तेल कारखान्यात रेणू जोडून बनवलंय असं धरू नका. १९९९ साली अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांचं याच शब्दावरून भांडण झालं. जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या तिथल्या संस्थेनं कच्च्या तेलापासूनच काढलेल्या, पण कसून शुद्ध केलेल्या तेलालाही हा शब्द लावायला मोकळीक दिली. ते तेल वाईट नसतं, पुष्कळदा उत्तम असतं. 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' असं लिहिलेला डबा तर बहुधा मिश्रणाचा असतो. म्हणून मोठी अक्षरं सोडा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा: ग्रेड (तेलाची दाटी) कोणता, एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा दर्जा कोणता, आणि तुमच्या गाडीच्या कंपनीनं त्या तेलाला नाव घेऊन मान्यता दिली आहे का.

चांगलं सिंथेटिक तेल गरम जागी जास्त टिकतं, घट्ट होत नाही, टर्बोच्या बेअरिंगपाशी जळून त्याचा कोळसा कमी होतो. थंडीत सहज वाहतं हा त्याचा दुसरा गुण, पण तो लडाखच्या लाईनवर उपयोगाचा. जालन्यात पहाटे गाडी सुरू होत नाही म्हणून सिंथेटिक घेतलेला माणूस मला भेटायचा आहे. तुमच्यासाठी कामाचा गुण एकच, तेल जास्त दिवस चालू शकतं. त्यामुळे ते जास्त दिवस चालवलं तरच पैसे वाचतात. महाग तेल भरून जुन्याच अंतरावर काढलं तर तो निव्वळ तोटा.

जुन्या गाडीचं मांडून पाहा. साध्या तेलाचं एक चेंज ७,४८० ला, वर्षाचे ३३,६६०. सिंथेटिकचं एक चेंज ११,९८० ला. २०,००० लाच बदललं तर वर्षाचे ५३,९१०, म्हणजे वीस हजारांनी जास्त. बरोबरी होते ती ३२,००० किलोमीटरला. ४०,००० वर नेलं तर गाडीमागे वर्षाला ६,७०० रुपये वाचतात. ६०,००० वर १५,७००, आणि विक्रेता तुम्हाला हाच आकडा दाखवतोय. त्याची बेरीज खरी आहे. फक्त ६०,००० हा आकडा कुणी दिला, इंजिन बनवणाऱ्यानं की तेल विकणाऱ्यानं, हे त्याला विचारा. उत्तर तोंडी नको, लेटरहेडवर मागा.

आणि त्या तेल खाणाऱ्या दोन गाड्या! अडीच हजाराला लिटर म्हणजे वर्षाला ३६ लिटर नुसतं वरून ओतायला. प्रत्येक लिटरमागे अडीचशे रुपये जास्त, म्हणजे ९,००० गेले. ४०,००० वर वाचलेले ६,७०० त्यात बुडून वर सव्वादोन हजारांचा खड्डा. या दोन गाड्यांत सिंथेटिक घालणं म्हणजे गळक्या रांजणात केवड्याचं पाणी. तिथे आधी रिंग, व्हॉल्व्ह सील, टर्बो यांपैकी तेल कुठून जातंय ते शोधा.

आता जे कुठल्याही विक्रेत्याच्या कागदावर नसतं ते सांगतो. २०,००० ला ऑइल चेंज म्हणजे दर अडीच-पावणेतीन महिन्यांनी गाडी वर्कशॉपच्या खड्ड्यावर यायची. तेल गळून पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास मिस्त्री खाली असायचा. त्या वेळात तो सहज कमानीचा यू-बोल्ट ठोकून बघायचा, ब्रेकचे लायनर डोळ्याखालून घालायचा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारायचा, बेल्ट दाबायचा. याचं वेगळं बिल कधी होत नव्हतं, म्हणून त्याची किंमत कुणाला कळली नाही. तेलाचं अंतर ४०,००० वर गेलं की हे सगळं पाच-साडेपाच महिन्यांवर जातं. मग वाटेत शाफ्ट पडतो, सळईची गाडी दोन दिवस रस्त्यावर उभी राहते, आणि मालक म्हणतो तेलात तर पैसे वाचवले होते. म्हणून अंतर वाढवायचं असेल तर तेल न काढताही दर २०,००० ला गाडी खड्ड्यावर घ्यायची, हे लिहून लावा. मजुरीचे चार-पाचशे रुपये त्यात धरा. ऑइल फिल्टरही तेवढं टिकणारा लागतो. साधा फिल्टर ठेवून तेल दुप्पट चालवलं तर तो चोंदतो, बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल बेअरिंगला जातं.

एअर पाईप. हा माझा दुखरा विषय आहे, थोडं सहन करा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खडी क्रशरच्या लाईनवरची गाडी आमच्याकडे आली. मालकानं मोठ्या हौसेनं महागातलं सिंथेटिक भरलेलं आणि ४०,००० मध्येच गाडी धूर ओकत होती, तेल खात होती. मालकाची तक्रार तेलावर. मी एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाईप काढला आणि आत बोट फिरवलं. बोटाला तेलात कालवलेली धूळ लागली, दोन बोटांत चोळली की करकर वाजणारी. क्लिपच्या बरोबर खाली पाईपला दीड इंचाची चीर होती आणि कुणीतरी त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. फिल्टर नवाकोरा, पण निम्मी हवा त्याला न भेटताच आत. रिंगा धारेवर धरल्यासारख्या घासल्या होत्या. जगातलं कोणतंही तेल धुळीपुढे टिकत नाही. तुमच्या मिलच्या आवारातली धूळ मी पाहिलेली आहे, म्हणून ११ च्या ११ गाड्यांचे पाईप आणि क्लिपा या आठवड्यात हात लावून बघा. खर्च शून्य.

बीएस-६ कडे वळताना विक्रेत्याच्या 'सगळ्यांना एकच ड्रम' या वाक्याशी थांबा. ड्रमवर सीआय-४ प्लस हा एपीआयचा जुना दर्जा लिहिला असेल तर तो या सहा गाड्यांत जाता कामा नये, मग तेल शंभर टक्के सिंथेटिक का असेना. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ म्हणजे काजळीची गाळणी आहे. अडकलेली काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे गाळणी तापवून साफ होताना, जळून जाते. पण तेलातल्या कॅल्शियम, जस्त वगैरेची जी राख होते ती जळत नाही, गाळणीत साचत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. सीके-४ या नंतरच्या दर्जात राखेची मर्यादा एक टक्का आहे, सीआय-४ प्लसची तेलं बहुधा त्याच्या वर असतात. दोन वर्षांनी डीपीएफ चोंदला की जे बिल येईल त्यात तेलाची सगळी बचत विरघळेल. उलट करायचं तर सीके-४ जुन्या गाड्यांत चालतं, म्हणजे एकच ड्रम हवा असेल तर तो वरच्या दर्जाचा असू द्या. बीएस-६ मधल्या वॉरंटीतल्या गाड्यांना कंपनीनं मान्य केलेलं तेल, कंपनीनं सांगितलेल्या अंतरावर, आणि बिल जपून. तिथे प्रयोग नको.

याच गाड्यांचं आणखी एक ड्रायव्हरना सांगून ठेवा. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश व्हायचं नाही. रीजनरेशनसाठी जादा डिझेल मारलं जातं, ते काही वेळा रिंगांवरून उतरून चेंबरमध्ये जातं. गाडी सारखी थोड्या-थोड्या अंतरावर बंद होत असेल तर जास्तच. तेल वाढलं म्हणजे पातळ झालं. सरळ वर्कशॉपला फोन.

अ‍ॅव्हरेजचं आश्वासन अर्धं खरं आहे. फायदा 'सिंथेटिक' या शब्दात नाही, पातळ ग्रेडमध्ये आहे. १५डब्ल्यू-४० वरून १०डब्ल्यू-३० वर आलं की अवजड गाडीला साधारण टक्काभर डिझेल वाचू शकतं. तुमची गाडी वर्षाला २२,५०० लिटर पिते, म्हणजे २२५ लिटर. ९१ चा भाव धरला तर वीस हजार रुपये, तेलातल्या बचतीपेक्षा जास्त! पण विक्रेत्याचा ड्रम १५डब्ल्यू-४० चाच असेल तर यातलं फारसं काही हाती लागणार नाही. आणि ३० चा ग्रेड पुस्तकात मान्य असेल तरच. जालन्याच्या उन्हाळ्यात पातळ तेल टिकेल का, ही भीती मात्र सोडा. बाहेर १५ अंश असो की ४३, चालत्या इंजिनातलं तेल शंभराच्या आसपासच असतं, आणि सीके-४ च्या ३० ग्रेडलाही १५० अंशांच्या चाचणीत बेअरिंग सांभाळण्याची किमान अट पार करावी लागते.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर, मिलच्या गेटवर नंबर लागेपर्यंत गाडी चालू ठेवतात का तुमचे ड्रायव्हर? नुसतं उभं इंजिन तासाला दीड लिटर जरी धरलं आणि रोजचे दोन तास, तर ३०० दिवसांचे ९०० लिटर होतात. वर सांगितलेल्या टक्क्याच्या चौपट. शिवाय किलोमीटर हलत नाहीत आणि तेल मात्र म्हातारं होत राहतं. घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवून मग बंद करणं टर्बोसाठी गरजेचं आहे, तेवढं राहू द्या.

मग ४०,००० की ६०,००० हे ठरवायचं कसं? तेलालाच विचारून. वापरातल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तेलाची दाटी, आम्ल मारण्याची उरलेली ताकद, काजळी, डिझेल, पाणी, आणि कोणता धातू किती, असा कागद परत येतो. लोखंड वाढलं तर लायनर-रिंग, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन म्हणजे धूळ, सोडियम-पोटॅशियम म्हणजे कूलंट आत शिरतंय. एका कागदावर निर्णय नाही घ्यायचा. त्याच गाडीचे तीन-चार कागद शेजारी ठेवले की रेघ कुठे चढतेय ते दिसतं. आम्ल मारण्याची ताकद नव्या तेलाच्या निम्म्यावर आली की तिथे थांबायचं, मग किलोमीटर कितीही असोत.

नमुना घेण्यात लोक फार चुकतात. गाडी गरम असताना, डिपस्टिकच्या नळीतून नवी प्लॅस्टिकची नळी सोडून हातपंपानं मधल्या थरातलं तेल खेचायचं. खालचा नट उघडून पहिली धार घेतली तर तळचा गाळ येतो. त्याआधी वरून तेल घातलेलं नको. बाटली प्रयोगशाळेनं दिलेलीच घ्या, आमच्या एका पोरानं औषधाची बाटली धुऊन वापरली होती, रिपोर्टात पाणी आलं आणि आम्ही उगाच हेडगॅस्केटच्या मागे लागलो. बाटलीवर गाडीचे किलोमीटर, तेलाचे किलोमीटर आणि मध्ये किती लिटर वरून घातलं, हे तिन्ही हवं.

मोठ्या गिऱ्हाइकांना तेल कंपन्या ही तपासणी करून देतात. तुम्ही ११ गाड्यांचे मालक आहात, लहान नाही. विक्रेत्याला सांगा, ड्रम घेईन, पण एकाच गाडीसाठी, सीके-४ चा, आणि सहा महिने दोन गाड्यांची तपासणी तुमच्या खर्चानं. ज्याला आपल्या तेलाची खात्री आहे तो हो म्हणेल. माल कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावरच घ्या. आणि रिकामे डबे भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर तेच डबे काळ्या तेलानं भरून तुमच्याच दारात परत येतील.

दोन गाड्या निवडताना बीएस-६ मधल्या वॉरंटी संपलेल्या, तेल न खाणाऱ्या आणि एकाच लाईनवर चालणाऱ्या घ्या. एकीत आत्ताचं तेल ठेवा, एकीत सिंथेटिक. दोघींचे २०,००० ला, ३०,००० ला आणि ४०,००० ला नमुने. ४०,००० ला दोन्ही तेलं उतरवा. ६०,००० चा विचार कागद हातात आल्यावर आणि गाडीच्या कंपनीनं लेखी हो म्हटल्यावर. जुन्या पाच गाड्यांना तोपर्यंत वडिलांचा नियम चालू द्या. तिथे त्यांचंच बरोबर आहे, आणि तसं त्यांना सांगाही.

पहिला कागद आला की मला पाठवा. मी सगळ्यांत आधी सिलिकॉनचा आकडा बघणार आहे, आणि तो चढा असेल तर तेलावर बोलायच्या आधी एअर पाईपचा फोटो मागेन.